चालू तारेवरचा माणूस

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या बहुतेक भागांतली वीज एका फटक्यात गेली. कोविडचे दिवस होते. लोकलमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतली माणसं होती, ती गाड्यांतच अडकून पडली. इस्पितळांत जनरेटर सुरू झाले, ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. ऊर्जामंत्र्यांनी त्या दिवशी दिलेलं स्पष्टीकरण थोडक्यात असं होतं: महापारेषणच्या कळवा-पडघा या 400 केव्हीच्या यंत्रणेत पहिल्या सर्किटची देखभाल चालू होती, म्हणून सगळा भार दुसऱ्यावर होता, आणि नेमका दुसऱ्यातच बिघाड झाला. पुढे समित्या बसल्या, सायबर हल्ल्याची चर्चा रंगली, केंद्र आणि राज्य यांच्यात शब्दाला शब्द लागला. त्या वादात मला शिरायचं नाही. मला त्या स्पष्टीकरणातलं पहिलं निम्मंच महत्त्वाचं वाटतं. पहिल्या सर्किटची देखभाल चालू होती.

वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या जगातली ही रोजची अडचण. तार दुरुस्त करायची तर ती बंद करावी लागते, आणि बंद केली की तिचा भार शेजारणीवर जातो. दुरुस्तीसाठी शटडाउन हवा असेल तर भार प्रेषण केंद्राकडे अर्ज करायचा आणि वाट पाहत बसायचं. उन्हाळ्यात मागणी जास्त म्हणून नाही, रब्बीत पंप चालू म्हणून नाही, सणासुदीला तर नाहीच. 31 डिसेंबर 2013 ला सोलापूर-रायचूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारताचं जाळं उर्वरित देशाच्या जाळ्यात आलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळा देश एकाच ठोक्यावर चालतो. याचे फायदे मोठे आहेत, पण एखादी मोठी वाहिनी काढून ठेवायची म्हटली की आता चार राज्यांचं गणित मांडावं लागतं. मुंबईसाठी खारघर-विक्रोळी ही 400 केव्हीची नवी वाहिनी 2023 मध्ये सुरू झाली, ती याच हिशेबातली. रस्ते जास्त असले की एक बंद ठेवता येतो.

रस्ते कमी असतील तर मात्र दुसरा मार्ग उरतो. तार चालूच ठेवायची आणि माणसाला तिच्यावर पाठवायचं.

हे काम जगात बऱ्याच ठिकाणी चालतं, आपल्याकडेही चालतं. पण त्याचं सर्वांत थरारक रूप अमेरिकेत घडलं, कारण तिथे माणसाला तारेपर्यंत पोचवायला हेलिकॉप्टर वापरलं गेलं. 2002 साली आलेल्या 'स्ट्रेट अप! हेलिकॉप्टर्स इन ॲक्शन' या आयमॅक्स माहितीपटात या कामाचा एक भाग आहे. इंटरनेटवर तो तुकडा वर्षानुवर्षं फिरतो आहे. तुमच्याही फोनवर कुणीतरी पाठवला असेल. हेलिकॉप्टरच्या कडेला बांधलेल्या फळीवर एक माणूस बसलेला, अंगात चंदेरी झाक असलेला टोपीसकट पोशाख, हातात धातूची काठी. काठी तारेजवळ जाते, निळी-पांढरी ज्योत कडाडते, आणि थोड्या वेळाने तो माणूस चक्क तारेवर घोड्यावर बसावं तसा बसतो. खाली लोकांच्या प्रतिक्रिया ठरलेल्या: याला पगार किती, याच्या बायकोला माहीत आहे का.

मला त्या तुकड्याबद्दल एक तक्रार आहे. तो आपली नजर चुकीच्या ठिकाणी खिळवतो. सगळ्यांना भीती वाटते ती त्या ज्योतीची. या कामातला सर्वांत अभ्यासलेला आणि सर्वांत आज्ञाधारक भाग मात्र तोच आहे. खरी भीती त्या माणसाच्या डोक्यावर फिरते आहे, आणि ती इतका वेळ फिरत राहते की आपल्याला दिसेनाशी होते.

पण आधी ज्योत. कारण ती समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक का बसत नाही, हे आपण सातवी-आठवीत शिकतो. वीज वाहायला दाबातला फरक लागतो. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे एकाच दाबावर. त्याच्यातून वाहून वीज जाणार कुठे? माणसाचंही तेच. तो जमिनीला, टॉवरला किंवा शेजारच्या फेजच्या तारेला लागलेला नसेल आणि फक्त एकाच तारेशी जोडलेला असेल, तर तारेतून वाहणाऱ्या शेकडो अँपिअरशी त्याला काही देणंघेणं उरत नाही. काठीच्या टोकाने दुरून काम करण्याची पद्धत जुनी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. तारेच्या दाबावर जाऊन थेट हातांनी काम करण्याची पद्धत अमेरिकेत 1960 च्या सुमारास रुळली. तेव्हा माणूस इन्सुलेट केलेल्या लांब दांड्याच्या बकेटमधून वर जात असे. जमिनीपासून त्याला तोडणारा तो दांडा हेच त्याचं कवच.

हेलिकॉप्टरला तर कवचाचीही गरज नाही. ते हवेतच आहे, जमिनीशी त्याचा संबंधच नाही. या विचारातून फ्लोरिडाच्या मायकल कर्टगिस यांनी हेलिकॉप्टरचाच कामाचा मंच करण्याची पद्धत बसवली. त्यांना तिचं पेटंट 1984 मध्ये मिळालं. कल्पना ऐकायला सरळ वाटते. पण एका जिवंत माणसासह अख्खं यंत्र पाच लाख व्होल्टच्या दाबावर न्यायचं, तेही पंखा फिरत असताना, हे पहिल्यांदा करताना काय वाटलं असेल ते ज्याचं त्याने कल्पावं.

आता तो क्षण जवळून पाहू.

हेलिकॉप्टर खालून किंवा बाजूने सरकत तारेकडे येतं. फळीवरचा लाइनमन पाय खाली सोडून बसलेला आहे. त्याचा पोशाख आग न धरणाऱ्या धाग्यात स्टेनलेस स्टीलचे बारीक तंतू विणून केलेला. हातमोजे, मोजे, टोपी, बुटांचे तळवे, सगळं एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडलेलं. मायकल फॅरेडेने 1836 मध्ये दाखवून दिलं होतं की धातूच्या पिंजऱ्याच्या आत बाहेरचं विद्युतक्षेत्र शिरत नाही. हा पोशाख म्हणजे अंगावर घालायचा पिंजरा. उघडा राहतो तो चेहरा, आणि तिथे मुंग्या येतात. तार जवळ येते तसा गुणगुणाट वाढतो. ओलसर हवेत तो कढईतल्या फोडणीसारखा चरचरतो. साधारण हातभर अंतरावर, दाब जास्त असेल तर त्याहूनही लांबून, काठीच्या टोकापासून तारेपर्यंत ठिणगी झेप घेते. ती एकच ठिणगी नसते. तिथली वीज सेकंदाला 60 आवर्तनं घेते, म्हणून हेलिकॉप्टरच्या धातूच्या अंगात भार भरतो आणि रिता होतो, भरतो आणि रिता होतो, आणि तेवढा वेळ ज्योत जिवंत राहते. काठी तारेला टेकली की ती विझते. लाइनमन मग हेलिकॉप्टरशी जोडलेल्या वायरचा चिमटा तारेला लावतो. आता तार, माणूस, यंत्र आणि पायलट हे सगळे एकाच दाबावर आले. काम सुरू.

तो चिमटा या सगळ्या व्यवस्थेतली माझी आवडती वस्तू आहे. तो घट्ट असतो, पण फार घट्ट नाही. वाऱ्याच्या झोताने हेलिकॉप्टर एकाएकी मागे फेकलं गेलं तर चिमटा आपोआप सुटला पाहिजे. हेलिकॉप्टर कधीही तारेला बांधलेलं नसावं, हा पहिला नियम. माणूसही एकाच वेळी दोन्हींना बांधलेला नसावा. तो एकतर हेलिकॉप्टरचा असतो किंवा तारेचा. तारेवर उतरताना पट्टा एकीकडून दुसरीकडे बदलायचा तो अर्धा मिनिट, त्याबद्दल प्रशिक्षणात सर्वांत जास्त बोललं जातं.

निघताना हेच सगळं उलट्या क्रमाने. काठी टेकवायची, चिमटा काढायचा, मग मागे सरकायचं. ज्योत लांबत जाते आणि तुटते. या क्षणी यंत्राच्या अंगावर थोडा भार उरलेला असतो, तो पुढे हवेत किंवा जमिनीला टेकल्यावर जातो.

आणि काम तरी काय असतं? बहुतेक वेळा अगदी किरकोळ. मोठ्या दाबाच्या वाहिनीत एका फेजला एक तार नसते. दोन, चार, कधी सहा तारांचा जुडगा असतो. त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये मध्ये स्पेसर लावलेले असतात, साधारण 45 सेंटिमीटरचं अंतर राखणारे. वाऱ्याने तारा दिवसरात्र थरथरतात. वर्षांमागून वर्षं थरथरल्यावर स्पेसरचा बोल्ट सैल होतो, पकड तारेवर घासू लागते, आणि ॲल्युमिनियमची एकेक लड तुटते. लाइनमन तो स्पेसर काढून नवा लावतो, तुटलेल्या लडींवर सळ्यांचं वेष्टण गुंडाळतो, आणि पुढच्या स्पेसरकडे जातो. दोन टॉवरांमधल्या चारशे मीटरच्या गाळ्यात हे कुठे मध्यभागी असलं तर टॉवरवर चढून तिथे पोचणं हाच एक दिवसाचा उद्योग. हेलिकॉप्टरला तिथे जायला क्षण पुरतो. डोंगर, दलदल, जंगल असेल तर रस्ता काढायचाही खर्च वाचतो. हिशेब इथे आहे. शौर्य नंतर येतं.

(तारांवरून आठवलं. आपल्याकडे इंग्रजांच्या पद्धतीने तारांच्या जाडीला प्राण्यांची नावं आहेत: स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, आणि 400 केव्हीच्या वाहिन्यांवर नेहमी भेटणारी मूज. अमेरिकेत पक्ष्यांची: फिंच, ड्रेक, कार्डिनल. सबस्टेशनच्या गोदामात 'दोन ड्रम डॉग पाठव' असं ऐकलं तर दचकू नये.)

आता डोक्यावरची भीती.

या कामासाठी वर्षानुवर्षं पसंत केलं गेलेलं यंत्र म्हणजे ह्यूज 500, पुढे एमडी 500. त्याचं मूळ लष्करी. 1963 मध्ये उडालेलं आणि व्हिएतनाममध्ये टेहळणीसाठी वापरलं गेलेलं ओएच-6 हे त्याचं थोरलं भावंड. लहान, अंड्याच्या आकाराचं, चपळ. ‘500 डी’ला पाच पाती, पात्यांच्या घेराचा व्यास जेमतेम आठ मीटर, कमाल वजन 1,360 किलोच्या आसपास. घेर लहान म्हणूनच ते दोन फेजच्या मध्ये शिरू शकतं. अमेरिकेत ही कामं रुजली तेव्हा हेच यंत्र युद्धात उडवलेले वैमानिक मुलकी धंद्यात उतरलेले होते. त्यांचा हात तयार होता.

पण हेलिकॉप्टरचं एक वैगुण्य आहे, आणि ते पायलटला पहिल्याच वर्षी शिकवतात. हवेत इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही. उतरताना खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात आणि पायलट त्या फिरण्याच्या बळावर ते अलगद टेकवू शकतो. मात्र त्यासाठी हातात एकतर उंची हवी किंवा पुढे जाण्याचा वेग हवा. जमिनीपासून थोडं वर, जागच्या जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरकडे दोन्ही नसतं. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या पुस्तकात उंची आणि वेग यांचा एक आलेख असतो, त्यातल्या ज्या भागात राहू नये तो रेघांनी भरलेला असतो. पायलट त्याला 'डेड मॅन्स कर्व्ह' म्हणतात. तारेवर काम करणारं हेलिकॉप्टर कामाचा सगळा वेळ नेमकं त्या रेघांच्या भागात उभं असतं. तीस-चाळीस मीटर उंचीवर, शून्य वेगाने, बाहेर एक माणूस बांधलेला, आणि इंजिन एकच.

दोन इंजिनांचं का वापरत नाहीत? वापरतातही काही ठिकाणी. पण दोन इंजिनांचं यंत्र जड, महाग, त्याचा घेर मोठा, त्याच्या पात्यांखालचा वारा जोरकस. तारेच्या अगदी जवळ जायचं काम त्याला तितकंसं जमत नाही. मग माणसाला तीस मीटर लांब दोराने खाली लोंबकळत नेऊन टॉवरवर किंवा तारेवर सोडायची पद्धत निघाली. यात हेलिकॉप्टर तारांपासून वर दूर राहतं. दोर कोरडा आणि वीजरोधक असेल तर हेलिकॉप्टरला तारेच्या दाबावर जावंही लागत नाही. फ्रान्सच्या वीजवहन कंपनीचं हेलिकॉप्टर पथक आव्हिन्यों इथे आहे. तिथे हेलिकॉप्टरने वाहिन्यांवर माणसं आणि सामान पोचवण्याची परंपरा जुनी आहे. धोका मात्र जात नाही, जागा बदलतो. दोर कुठे अडकला तर काय, आणि हुक चुकून उघडला तर काय, हे नवे प्रश्न उभे राहतात.

पायलटच्या जागी क्षणभर बसून पाहा. दार काढून टाकलेलं. तो कडेला वाकून खाली पाहतोय, समोर नाही. त्याचा संदर्भबिंदू म्हणजे चार तारा आणि एका माणसाचे गुडघे. पात्यांचं टोक तारेच्या वरून पुढे गेलेलं आहे. वरच्या अर्थवायरपासून आणि पलीकडच्या फेजपासून किती अंतर आहे ते त्याला न बघता ठाऊक असावं लागतं. हेलिकॉप्टर पावलाएवढं जरी हललं तरी लाइनमनचा पाना बोल्टवरून निसटतो. इंधन जळतंय तसं वजन बदलतंय. लाइनमन एका बाजूला सरकला की तोल बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूला वजन बांधलेलं असतं. वारा समोरून असेल तर बरा. मागून आला की शेपटीचा पंखा भांबावतो. ऊन वाढलं की हवा पातळ होते आणि त्याच इंजिनाला तेवढंच वजन पेलायला जास्त धाप लागते. म्हणून काम पहाटे सुरू होतं आणि दुपारचे झोत उठण्याआधी आवरतं. बोलणं रेडिओवर, एकेका शब्दाचं. पायलटने 'निघतोय' म्हटलं की लाइनमनने कारण विचारायचं नसतं, हातातला पाना असेल तिथे सोडायचा.

या जोडीबद्दल बोलताना आपण नेहमी लाइनमनला हिरो करतो. माझं मत विचाराल तर हा पायलटचा धंदा आहे आणि लाइनमन त्यातला सर्वांत भरवसा ठेवणारा प्रवासी.

या सगळ्याला नियमही आहेत, काही आधीपासूनचे, काही मागाहून आलेले. हेलिकॉप्टरला बाहेरून भार बांधून नेण्यासाठी अमेरिकी हवाई नियमांचा 'भाग 133' 1964 पासून आहे, आणि बाहेर बांधलेला माणूस हाही कायद्याच्या दृष्टीने भारच. वीजवाहिन्यांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचे सविस्तर नियम तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने 1994 मध्ये काढले. कुठल्या दाबाला किती अंतर राखायचं याची कोष्टकं त्यात आहेत. सकाळी काम सुरू होण्याआधी गाडीच्या मागच्या फळीभोवती सगळे जमतात आणि आजच्या कामात काय काय बिघडू शकतं ते बोलून घेतात, हाही नियमच.

तारेवर चढणाऱ्यांचा इतिहास इतका रक्ताळलेला आहे की या कोष्टकांना हसू नये. 1891 मध्ये सेंट लुइसला दहा प्रतिनिधींनी एकत्र येऊन अमेरिकेतली विद्युत कामगारांची संघटना काढली. हेन्री मिलर हा लाइनमन तिचा पहिला अध्यक्ष. गावोगाव हिंडून, मालगाड्यांतून प्रवास करून त्याने शाखा उभ्या केल्या. या कामगारांची मागणी साधी होती: काम शिकवा, मग वर चढवा, आणि मेलो तर पुरायला पैसे द्या. 1896 मध्ये वॉशिंग्टनमध्ये काम करताना मिलरला शॉक बसला, तो खाली पडला आणि गेला. सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली. अमेरिकेतल्या सर्वांत धोकादायक नोकऱ्यांच्या वार्षिक याद्यांत लाइनमन आजही हटकून दिसतो.

हेलिकॉप्टरला तारेजवळ नेणाऱ्या कामांची यादी मोठी आहे आणि काहींमागे मोठे अपघात उभे आहेत. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ अंधारात गेला, सुमारे पाच कोटी माणसं. सुरुवात ओहायोत झाली. भाराने तापलेल्या 345 केव्हीच्या तारा झोळ घेऊन खाली आल्या आणि वाढलेल्या झाडांना टेकल्या. एवढंच. त्यानंतर तारांखालची झाडी छाटण्याचे नियम सक्तीचे झाले, मोडले तर दंड. छाटणीची एक पद्धत म्हणजे हेलिकॉप्टरखाली लांब दांडा टांगायचा, त्याच्या टोकाला गोल करवतींची माळ, आणि वाहिनीच्या कडेने जंगल उभं कापत जायचं. बघायला भयंकर दिसतं. शेतकरी बांधावरची बाभूळ कशी छाटतो ते पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना तर हा प्रकार गुन्ह्यासारखाच वाटेल.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची, आणि मला ती जास्त अस्वस्थ करते. 8 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे पीजी अँड ई कंपनीच्या कॅरिबू-पालेर्मो या 115 केव्हीच्या वाहिनीवर एका टॉवरचा हुक तुटला. इन्सुलेटर ज्याला टांगतात तो, इंग्रजी सी अक्षरासारखा. वाहिनी जवळजवळ शंभर वर्षांची. वाऱ्याने इन्सुलेटर झुलत राहिला आणि लोखंडावर लोखंड घासून हुकाला खाच पडत गेली. शेवटी हुकाचा उरलेला भाग तुटला, तार टॉवरवर आपटली, वितळलेल्या धातूचे थेंब वाळक्या गवतावर पडले. पॅराडाइज नावाचं गाव त्यात जळालं, 85 माणसं मेली. 2020 मध्ये कंपनीने 84 जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला.

या वाहिनीची पाहणी होत नव्हती असं नाही. हेलिकॉप्टर वरून जात होतं. पण चालत्या हेलिकॉप्टरमधून शेकडो टॉवर बघत जाणाऱ्या डोळ्यांना हुकाच्या आतल्या बाजूची खाच दिसत नाही. ती दिसण्यासाठी कुणीतरी तिथे थांबायला हवं, हात लावायला हवा. थांबणं महाग आहे, कारण थांबणं म्हणजे पुन्हा तो रेघांनी भरलेला आलेख. ज्या कामाला आपण वेडं धाडस म्हणतो, ते न करण्याचीही किंमत असते. फक्त ती दुसऱ्या कुणाच्या घराला आग लागून वसूल होते. या घटनेनंतर कंपनीने ड्रोन, हेलिकॉप्टर आणि प्रत्यक्ष चढाई अशी सगळी साधनं लावून वाहिन्या नव्याने तपासल्या.

ड्रोनने पाहणीचं काम बरंच ओढून घेतलं आहे, आणि ते चांगलंच झालं. कॅनडाच्या हायड्रो-क्वेबेकने 1965 मध्ये जगातली पहिली 735 केव्हीची वाहिनी सुरू केली होती. बर्फ, अंतर आणि थंडीमुळे तिथल्या संशोधकांनी तारेवर स्वतः चालणारा यंत्रमानव तयार केला. त्याचं नाव लाइनस्काउट. तो चालू तारेला धरून पुढे सरकतो, वाटेतले स्पेसर आणि तारा दिसाव्यात म्हणून लावलेले गोळे ओलांडतो, कॅमेऱ्याने पाहतो, काही बोल्टही पिळतो. मात्र त्याला तारेवर बसवायला आधी कुणीतरी लागतंच.

आपल्याकडे हेलिकॉप्टर तारांपाशी गेलं ते मुख्यतः दोन कामांसाठी. एक पाहणी: पॉवरग्रिडने कॅमेरे आणि उष्णता टिपणारी यंत्रं लावलेल्या हेलिकॉप्टरने वाहिन्यांवर गस्त घातली. दुसरं काम ऐकायला गमतीचं, पण महत्त्वाचं, ते म्हणजे इन्सुलेटर धुणं. पंजाब, हरियाणा, दिल्ली, पश्चिम उत्तर प्रदेश या पट्ट्यात चिनीमातीच्या ताटल्यांवर वीटभट्ट्यांची, शेतातल्या जाळाची, रस्त्यांची धूळ बसते. कोरडी असेपर्यंत ती निरुपद्रवी. डिसेंबर-जानेवारीत धुकं उतरलं की ती ओली होते, वीज तिच्यावरून सरपटत टॉवरला पोचते आणि वाहिन्या एकामागून एक ट्रिप होतात. उपाय म्हणजे हिवाळ्याआधी धुणं. पवनहंसच्या हेलिकॉप्टरने पॉवरग्रिडसाठी चालू वाहिन्यांवर हे काम केलं: क्षार काढून टाकलेलं, वीज जवळजवळ न वाहणारं पाणी, जोरदार फवारा, आणि ताटल्यांच्या माळेभोवती पुढेमागे सरकणारं यंत्र. नंतर या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी चिनीमातीच्या जागी पॉलिमरचे इन्सुलेटर आले, त्यांच्यावर पाणी पसरत नाही, थेंब थेंब राहतं. इन्सुलेटर बदलणं हे धुण्यापेक्षा शहाणपणाचं आहे, यात वाद नसावा.

बाकी काम माणूस चढूनच करतो. आपल्याकडे 220 केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांची लांबी साडेचार लाख सर्किट किलोमीटरच्या पुढे गेली आहे. चंद्रपूर ते पडघा ही 753 किलोमीटरची थेट प्रवाहाची वाहिनी 500 केव्हीवर विदर्भाची वीज मुंबईच्या दाराशी आणते. या वाहिन्यांच्या वाटेवर सह्याद्रीचे घाट आहेत, ताडोब्याच्या आसपासचं जंगल आहे, मराठवाड्यातले माळ आहेत. हॉटलाइनची पथकं वीजरोधक दोर, शिड्या आणि लांब काठ्या घेऊन टॉवरवर चढतात. त्यांतला एकजण स्टीलचे तंतू विणलेला तोच पोशाख चढवतो आणि दोराला किंवा शिडीला धरून तारेच्या दाबावर जातो. हेलिकॉप्टर नाही, म्हणून तो आलेखही नाही. त्याऐवजी चंद्रपूरचा मे महिना आहे. त्या उन्हात दोन थर कपडे आणि धातूची टोपी घालून ऐंशी किलोची ताटल्यांची माळ उतरवणं म्हणजे काय, हे कुठल्या व्हिडिओत आलेलं नाही.

अमेरिकेत लाइनमनचा तास महाग आहे, म्हणून हेलिकॉप्टरचा तास परवडतो. आपल्याकडे उलट. त्यात वाहिन्यांखाली वस्ती, शेतं, रस्ते. इंजिन बंद पडलंच तर उतरायला मोकळी जागा नाही. त्यामुळे हेलिकॉप्टरवर बसून स्पेसर बदलण्याची पद्धत आपल्याकडे आली नाही याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की टॉवरवर चढणाऱ्यांच्या कौशल्याची आपल्याला काहीच गंधवार्ता नसते. बेंगळुरूला राष्ट्रीय वीज प्रशिक्षण संस्थेचं हॉटलाइन प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरातल्या वीज कंपन्यांचे लाइनमन आणि अभियंते तिथे हे काम शिकायला जातात. आधी बंद तारेवर, तेच काम पुन्हा पुन्हा, हात न बघता चालेपर्यंत. चालू तार त्यानंतर.